ओट्स गिचके का होतात?

इंदिरानगर, नाशिक येथील एका वाचक भगिनींनी लिहिले आहे: "माझे यजमान ४४ वर्षांचे असून सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीस आहेत. गेल्या महिन्यातील रक्ततपासणीत त्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले. तळलेले पदार्थ कमी करावेत, आहारातील तंतू वाढवावेत आणि नाश्त्याला ओट्स घ्यावेत, असे डॉक्टरांनी सुचवले. दुधातले गोड ओट्स त्यांच्या घशाखाली उतरत नाहीत, म्हणून मी ओट्स पोह्यांप्रमाणे धुऊन, भिजवून फोडणीस टाकले, तर त्यांचा बुळबुळीत गिचका झाला. मग तयार मसाला ओट्सचे पुडे आणले. ते मुलासह सर्वांना आवडले, पण त्यांत मीठ फार असावे अशी शंका येते. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांचे माहेर निफाड तालुक्यात शेतकरी कुटुंबातले असून 'हा तर गुरांचा चारा' असे म्हणत त्या ताटाला हात लावत नाहीत. मुलगा दहा वर्षांचा आहे. एकाच सकाळी चौघांसाठी तीन प्रकारचे नाश्ते करणे मला झेपत नाही. भरपूर भाज्या घातलेले, आपल्या चवीचे, सर्वांना चालतील आणि यजमानांच्या डब्यातही जातील असे ओट्स कसे करावेत?"

ताई, सप्रेम नमस्कार.

'पोह्यांप्रमाणे धुऊन, भिजवून' या तुमच्या शब्दांतच अडचणीचे मूळ आहे, आणि तशी समजूत होणे अगदी स्वाभाविक आहे. पोहे आणि ओट्स दोन्ही चेपलेली धान्ये आहेत. भात भिजवून, भाजून आणि चेपून पोहे तयार होतात. ओटचा दाणा टरफल काढून, वाफवून रुळांमधून दाबला की त्याच्या चकत्या होतात. दोन्ही आधीच अर्धवट शिजलेली असतात आणि दोन्ही घाईच्या सकाळी कामी येतात. परंतु ओटच्या दाण्यात बीटा-ग्लुकॅन नावाचा, पाण्यात विरघळणारा तंतू असतो, जो पोह्यांत जवळजवळ नसतो. पाणी लागताच हा तंतू चकतीतून बाहेर येऊ लागतो आणि पाण्याला दाट, चिकट करतो. तुम्ही ओट्स धुतले तेव्हा प्रत्येक चकतीवर त्याचा थर चढला, भिजत ठेवले तेव्हा तो वाढला, आणि कढईत परतताना मऊ झालेल्या चकत्या मोडल्यामुळे आत राहिलेला तंतू आणि पिष्टही बाहेर आले. गिचका झाला तो एवढ्यामुळेच. तुमच्या हातात काही उणे नव्हते.

मात्र हा बुळबुळीतपणा टाकाऊ समजू नये, कारण डॉक्टरांनी ओट्स सुचवले ते नेमके त्याच्यासाठी. हा तंतू आतड्यात गेल्यावरही तसाच दाट होतो आणि पचनासाठी यकृताने सोडलेल्या पित्तातील आम्लांना आपल्यात अडकवून शरीराबाहेर नेतो. गेलेल्या पित्ताम्लांची भरपाई करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते, आणि त्यामुळे अपायकारक कोलेस्टेरॉलची पातळी काही प्रमाणात उतरते. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकॅन पोटात जावे, हे प्रमाण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या पाकिटावरील हृदयाच्या आरोग्याविषयीच्या दाव्यासाठी मान्य केले. तेवढ्यासाठी साधारण ७५ ते ८० ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. म्हणजे नाश्त्याच्या ४० ग्रॅमच्या ताटलीतून सुमारे निम्मी गरज भागते. ओट्स धुऊन ते पाणी मोरीत ओतले तर त्यातला काही भाग त्याबरोबर वाहून जातो. तेव्हा ओट्स निवडून घ्या, पण धुऊ नका. कारखान्यात ते स्वच्छ करून वाफवलेले असतात.

या तंतूला तोंडात जाईपर्यंत चकतीच्या आतच थोपवून धरणे, एवढीच ओट्स रांधण्याची खरी कला आहे, आणि ती तुम्हाला वेगळी शिकण्याची गरज नाही, कारण भेंडीच्या बाबतीत ती आपण सगळ्याच जणी रोज पाळतो. भेंडी आधी धुऊन, पुसून, कोरडी करून मग चिरतो; कढईत पाण्याचा थेंब घालत नाही, झाकण ठेवत नाही, उगाच ढवळत नाही, मीठ शेवटी टाकतो आणि लिंबू, आमसूल किंवा ताकाचा आंबटपणा देतो. भेंडीची तार हाही पाण्यात विरघळणारा तंतूच असतो. ओट्सना पाण्याशिवाय शिजवता येत नाही, एवढा फरक सोडला तर बाकीचे धोरण तेच ठेवावे: कोरडे भाजावे, पाणी मोजून आणि उकळते घ्यावे, कमीत कमी हलवावे, आंबट शेवटी घालावे.

पहिली खबरदारी दुकानातच घ्यायची आहे. पाकिटावर 'रोल्ड ओट्स' लिहिलेले, जाड, अखंड चकत्यांचे ओट्स निवडा. 'इन्स्टंट' किंवा 'क्विक' म्हणून मिळणाऱ्या ओट्सच्या चकत्या अधिक पातळ किंवा तुकडे केलेल्या असतात. त्या पाणी झटकन पितात, लवकर मोडतात आणि पोटातही लवकर पचून साखरेत उतरतात, त्यामुळे तुमच्या यजमानांना त्या चवीला रुचणार नाहीत आणि सासूबाईंना प्रकृतीला मानवणार नाहीत. 'स्टील कट' म्हणून मिळणारे कापलेले दाणे गुणाने उत्तम असतात, परंतु त्यांना शिजायला अर्धा तास लागतो आणि ते दलियासारखे लागतात. सकाळच्या पाळीच्या घाईत त्यांच्या वाटेला जाऊ नका. कोणतेही ओट्स घेताना घटकांच्या यादीत ओट्सशिवाय दुसरे नाव नाही, याची खात्री करा.

आता भाजणी. जाड बुडाच्या कढईत, तेलाशिवाय, मंद ते मध्यम आचेवर ओट्स पाच ते सहा मिनिटे हलक्या हाताने परता. रंग फारसा बदलत नाही, त्यामुळे डोळ्यांवर विसंबून राहू नका. भाजल्या रव्याच्या जवळ जाणारा खमंग वास दरवळला आणि चकती दातांखाली कुरकुरीत मोडली, की भाजणी झाली. भाजल्याने चकतीतील उरलेली ओल निघून जाते, तिचा पृष्ठभाग घट्ट होतो आणि पुढे उकळत्या पाण्यात ती सुटी राहते. ओट्सची मूळची दुधाळ, किंचित गोडसर चव फोडणीच्या पदार्थात खटकते, ती भाजणीमुळे मागे सरते. आणि माझ्या मते हा लाभ सुटसुटीतपणाहूनही मोठा आहे, कारण 'ओट्स आवडत नाहीत' असे सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची तक्रार मुळात या कच्च्या, गोडसर चवीविषयी असते. एका वेळी अर्धा किलो ओट्स भाजून, पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवलेत, तर चौघांच्या नाश्त्याला साधारण तीन सकाळी हे काम वाचेल.

प्रमाण चौघांसाठी सांगते. साधारण १५० मिलिलीटर पाणी मावणाऱ्या वाटीने तीन वाट्या ओट्स घ्या. त्यांचे वजन १६५ ते १८० ग्रॅम भरते, म्हणजे माणशी ४० ग्रॅमच्या किंचित वर. चिरलेल्या भाज्या मात्र त्याच वाटीने सहा वाट्या, म्हणजे ओट्सच्या दुप्पट घ्या. अनेक घरांत ओट्सच्या ढिगात गाजराचे चार तुकडे आणि मटाराचे दहा दाणे टाकून त्याला भाज्या घातलेले ओट्स म्हटले जाते. त्याने ताटलीला रंग येतो, पण भाज्यांचे तंतू, जीवनसत्त्वे आणि चावण्याचे समाधान येत नाही; शिवाय दोन चकत्यांच्या मध्ये भाजीचा तुकडा असला की चकत्या एकमेकींना चिकटत नाहीत. भाज्या जास्त घालण्याचे हे स्वयंपाकातले कारण आरोग्याच्या कारणाइतकेच पक्के आहे.

भाज्यांच्या बाबतीत नाशिककरांनी तक्रार करावी अशी परिस्थिती सुदैवाने नाही. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात फेरी मारली तरी आठवड्याची सोय होते. हिवाळ्यात मटार, गाजर, फ्लॉवर, घेवडा आणि मेथी घ्या. उन्हाळ्यात ढोबळी मिरची, कोबी, दुधी आणि गवार. पावसाळ्यात दोडका आणि घोसाळे, अर्थात ही दोन्ही पाणी सोडतात, म्हणून ती घातल्यास पुढे सांगितलेल्या पाण्यातून अर्धी वाटी वजा करा. घेवडा, गाजर, गवार या कठीण भाज्या मटाराच्या दाण्याएवढ्या बारीक चिरा, म्हणजे त्या पाच-सहा मिनिटांत शिजतील. फ्लॉवरचे तुरे थोडे मोठे ठेवा. मेथी किंवा पालक अगदी शेवटी, आच बंद करण्याच्या दोन मिनिटे आधी घाला. टोमॅटो आधी घातला तर त्याच्या आंबटपणामुळे बाकीच्या भाज्या लवकर मऊ होत नाहीत, म्हणून त्याची पाळी भाज्या शिजल्यानंतरची आहे. पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो आणि लासलगावचा कांदा हाताशी असताना या दोन जिनसांत काटकसर करू नका: दोन मोठे कांदे आणि दोन टोमॅटो घ्या. चाळीतला उन्हाळ कांदा मिळाला तर अधिक चांगले, कारण त्यात पाणी कमी असल्याने तो लवकर गुलाबी होतो आणि कमी तेलातही चव देतो.

मटकी घालण्याचा मात्र मी आग्रहच धरीन. मिसळीमुळे नाशिकच्या घरांत मोड आलेल्या मटकीला कधी तोटा नसतो. मिसळीवरची तेलाची तर्री आणि फरसाण यांपासून तुमच्या यजमानांनी काही काळ दूर राहावे हे खरे, परंतु मटकीने काही बिघडवलेले नाही. ओट्समध्ये १०० ग्रॅममागे साधारण १३ ग्रॅम प्रथिने असली, तरी इतर तृणधान्यांप्रमाणे त्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते, आणि कडधान्यांत नेमके तेच भरपूर असते. एक वाटी मोड आलेली मटकी वेगळी वाफवून, पण अख्खी राहील इतपतच शिजवून, भाज्यांबरोबर घाला. तिने पदार्थाला जेवणाचा भरीवपणा येतो, आणि तुमच्या घरी तरी ती मिसळीची आठवण करून देऊन अर्धे मन वळवील.

आता कृती. कढईत चार छोटे चमचे तेल तापवून मोहरी तडतडू द्या, मग जिरे, हिंग, कढीपत्ता, ठेचलेले आले-लसूण आणि एक-दोन हिरव्या मिरच्या घाला. कांदा गुलाबी झाला की हळद आणि दीड छोटा चमचा घरचा काळा मसाला घालून लगेच पाण्याचा एक हबका मारा, म्हणजे मसाला जळणार नाही आणि कमी तेलातही त्याचा रंग सुटेल. काळ्या मसाल्यात भाजलेले सुके खोबरे आणि तीळ असतात, त्यामुळे वेगळे खोबरे घालण्याची गरज नाही. मग कठीण भाज्या, त्यांच्यामागे फ्लॉवर आणि मटार घालून झाकणावर पाणी ठेवून वाफ काढा. भाज्या शिजल्या, पण त्यांचा लगदा झालेला नाही, अशा वेळी टोमॅटो आणि मटकी घालून दोन मिनिटे परता.

आता अडीच वाट्या पाणी दुसऱ्या आचेवर खळखळ उकळून कढईत ओता आणि पाऊण छोटा चमचा मीठ घाला. अडीच वाट्या हे प्रमाण मी अनेकदा मोजून पाहिले आहे. वाचायला ते कमी वाटते आणि हात आपोआप आणखी पाणी ओतू पाहतो, पण तो आवरा. भाज्यांचे आणि टोमॅटोचे पाणी धरून ते पुरते. पाण्याला उकळी आली की भाजलेले ओट्स एकदम घाला, कालथ्याने खालून वर असे दोनदा, फार तर तीनदा हलवा, आच अगदी मंद करा आणि झाकण घट्ट लावून तीन मिनिटे दणदणीत वाफ येऊ द्या. आच बंद केल्यावर आणखी पाच मिनिटे झाकण उघडू नका. या पाच मिनिटांत उरलेले पाणी चकत्यांत जिरते, आणि उपमा मुरल्यावर जसा मोकळा होतो तसे ओट्स मोकळे होतात. झाकण काढल्यावर काट्याने अलगद सुटे करा, अर्ध्या लिंबाचा रस आणि मूठभर कोथिंबीर घाला. ओट्स कोरडे वाटले तर उकळत्या पाण्याचा हबका मारून पुन्हा एक वाफ काढता येते. गिचका झाला तर मात्र तो सुधारत नाही, म्हणून चुकायचेच असेल तर कोरड्या बाजूने चुकावे.

पदार्थ गरम असतानाच ताटल्यांत वाढा. गार होताना बीटा-ग्लुकॅन आणखी घट्ट होतो, त्यामुळे नऊ वाजता मोकळे असलेले ओट्स बारा वाजता गोळा झालेले दिसतात. डब्याच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. यजमानांनी नाश्ता घरी करावा आणि डब्यात ओट्सची थालिपिठे न्यावीत, असे मी सुचवीन. दोन वाट्या ओट्स मिक्सरमधून काढून त्यांत तेवढीच थालिपिठाची भाजणी, एक किसलेला दुधी किंवा वाटीभर बारीक चिरलेला कोबी, एक कांदा, कोथिंबीर, तीळ, तिखट आणि थोडे मीठ घाला. दुधीला पाणी सुटते, त्यामुळे वरून पाणी जपून वापरा. पीठ दहा मिनिटे मुरू द्या, म्हणजे ओट्स ओल पितील आणि थापताना कडा फाटणार नाहीत. ओट्सचा जो चिकटपणा कढईत नकोसा होता, तोच इथे पिठाला बांधून धरतो. तव्यावर माणशी एका छोट्या चमच्याहून अधिक तेल सोडू नका आणि थालिपीठ झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजा. दुपारपर्यंत ते मऊ राहते. एखाद्या दिवशी मोकळे ओट्सच डब्यात द्यायचे झाले, तर ते ताटात पसरून पूर्ण निवू द्या आणि मगच डबा बंद करा. वाफ डब्यात कोंडली की पुन्हा चिकटपणा आलाच म्हणून समजा.

मसाला ओट्सच्या पुड्यांविषयीची तुमची शंका रास्त आहे, आणि ती तुम्ही घरीच पडताळून पाहू शकता. पुड्याच्या मागे पोषणाचा तक्ता असतो. त्यात मिठाचा आकडा बहुधा सोडियमच्या रूपाने मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. समजा, एका वेळच्या भागात ४०० मिलिग्रॅम सोडियम छापले असेल, तर त्या ताटलीत १ ग्रॅम मीठ आहे, आणि कोणी दोन पुडे खाल्ले तर २ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, एवढी मर्यादा सांगितली आहे, आणि त्यात आमटी, भाजी, लोणचे, पापड सगळे आले. आकडा वाचताना तो १०० ग्रॅमसाठी आहे की एका भागासाठी, हे अवश्य पाहा, कारण या एका गोष्टीत फार जण फसतात. वर सांगितलेल्या कृतीत पाऊण चमचा मीठ चौघांत वाटले जाते, म्हणजे माणशी १ ग्रॅमच्या आतच राहते. लिंबू आणि काळा मसाला असल्याने तेही अळणी लागत नाही. प्रवासात किंवा आजारपणात पुडा वापरला तर बिघडत नाही, पण ती रोजची सवय होऊ देऊ नका.

सासूबाईंचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या खरे तेच सांगत आहेत. आपल्याकडे ओट हे पीक रब्बीत हिरव्या चाऱ्यासाठीच घेतले जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने चाऱ्यासाठी त्याचा वाणही दिला आहे, आणि शेतात वाढलेल्या व्यक्तीला पाकिटातले ओट्स पाहून गोठाच आठवावा, यात अपमान करण्याचा हेतू नसतो. फरक एवढाच, की जनावरांसाठी ते पीक हिरवे असताना कापतात, आणि आपण खातो तो पिकलेला, टरफल काढलेला दाणा असतो. मक्याचेही तसेच आहे. कणीस माणसाचे, कडबा गुरांचा. हे शांतपणे सांगितले तर त्यांना पटेल. त्याहून चांगले म्हणजे, भाजणीच्या वेळी त्यांना कढईजवळ बोलवा आणि वास आला की सांगा म्हणावे. उभा जन्म रवा, बेसन आणि भाजण्या ओळखण्यात गेलेल्या नाकाला हे काम पाकिटावरच्या सूचनेपेक्षा चांगले कळते, आणि स्वतः भाजलेले धान्य खाणे माणूस सहसा नाकारत नाही.

त्यांच्यासाठी मी रात्रीची खिचडी सुचवते, कारण पत्रावरून वाटते की मोकळे ओट्स खाऊन त्यांना जेवल्याचे समाधान मिळणार नाही. अर्धी वाटी मुगाची डाळ कोरडी भाजून, दुधीच्या आणि लाल भोपळ्याच्या फोडींबरोबर कुकरमध्ये मऊ शिजवा. त्यात एक वाटी भाजलेले ओट्स आणि अडीच-तीन वाट्या उकळते पाणी घालून मंद आचेवर सात-आठ मिनिटे ढवळत शिजवा. सकाळी जो दाटपणा आपण थोपवून धरला, तो इथे मोकळा सोडायचा आहे; त्यानेच खिचडी आसट आणि एकजीव होते. एक छोटा चमचा तूप, जिरे आणि लसणाची चुरचुरीत फोडणी वरून द्या. सोबत काकडीची कोशिंबीर आणि पातळ ताक असावे. एवढ्यात दोन माणसांचे जेवण होते.

मधुमेहाच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ४० ग्रॅम ओट्समध्ये सुमारे १५० कॅलरी आणि २५ ते २७ ग्रॅम कर्बोदके असतात. तेव्हा ओट्स हे पोळीच्या किंवा भाताच्या जागी यावेत. पोटभर जेवणावर पुन्हा वाटीभर ओट्स खाल्ले तर साखर वाढणारच. घरी ग्लुकोमीटर असेल तर खिचडी खाल्ल्यावर दोन तासांनी साखर मोजा आणि नेहमीच्या जेवणानंतरच्या आकड्याशी ताडून पाहा. कोणाच्याही सल्ल्याहून तो आकडा त्यांच्या शरीराविषयी अधिक खरे सांगेल. जेवणाचे प्रमाण बदलल्यास गोळ्यांविषयी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. बाकीचे दिवस त्यांना त्यांची बाजरीची किंवा नागलीची भाकरी आनंदाने खाऊ द्या. सुरगाणा-पेठ भागातली नागली आपल्या जिल्ह्याचीच आहे. तंतू आणि कॅल्शियम या दोन्ही बाबतींत ती समृद्ध आहे, आणि ओट्स आणले म्हणून तिला घराबाहेर काढण्याचे कारण नाही. बीटा-ग्लुकॅन हवे असेल तर ओट्सखेरीज जवातही ते चांगल्या प्रमाणात असते, एवढे लक्षात असू द्या.

यजमानांनाही अपेक्षा बेताची ठेवायला सांगा. ओट्सने कोलेस्टेरॉल उतरते ते काही टक्क्यांनी, तेही नियमाने काही आठवडे खाल्ल्यास आणि वडापाव, फरसाण, वनस्पती तूप यांना आवर घातल्यास. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ओट्सच्या भरवशावर ती बंद करू नये. तंतूंची सवय नसलेल्या पोटात ते एकदम वाढले तर गुबारा धरतो, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत आठवड्यातून तीनदाच करा, दिवसभर पाणी नीट प्यायला सांगा आणि मग वाढवा. मुलाच्या ताटलीत ओट्स थोडे कमी वाढून वर भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट किंवा किसलेले पनीर आणि चमचाभर तूप घाला. वाढत्या वयात वडिलांसारखी स्निग्धतेची काटकसर त्याला नको, आणि नुसत्या तंतूंनी त्याचे लहानसे पोट लवकर भरून जाते. कढई एकच, फक्त वाढताना एवढा बदल, म्हणजे तीन नाश्त्यांचा तुमचा त्रास संपावा. तुमच्या ओळखीत कोणाला गव्हातील ग्लुटेन वर्ज्य असेल तर ही कृती त्यांना सांगताना सावध राहा, कारण साध्या पाकिटातल्या ओट्समध्ये गव्हाचा अंश मिसळलेला असू शकतो.

ओट्समध्ये गहू-तांदळापेक्षा स्निग्धांश जास्त असतो, १०० ग्रॅममागे सुमारे ७ ग्रॅम, त्यामुळे उघडलेले पाकीट उन्हाळ्यात लवकर खवट होते. एप्रिल-मेमध्ये अर्ध्या किलोहून मोठे पाकीट आणू नका आणि डबा शेगडीपासून दूर, शक्य असल्यास फ्रिजमध्ये ठेवा. घरात आधीच आणलेले पातळ चकत्यांचे ओट्स शिल्लक असतील, तर ते मिक्सरमधून काढून थालिपिठात, आंबट ताकात कालवलेल्या धिरड्यांत किंवा पालकाची पातळ भाजी दाट करण्यासाठी बेसनाच्या जागी वापरून संपवा, आणि पुढच्या खेपेस जाड चकत्यांचे आणा.